गड्याला विलायतेला नेलं तेव्हा

माझ्या बाबांनी आयुष्यात माझ्यापुढं एकच अट घातली, आणि ती एका कुत्र्यासाठी होती.

बाबा पाटबंधारे खात्यात तलावावरचे चौकीदार होते. लाखनीहून सायकलीनं जाता येईल अशा अंतरावर आमचं गाव. तलावाच्या पाळीवरून, म्हणजे मातीच्या बांधावरून, रोज फेरी मारायची, खेकड्यांनी कुठं पोखरलं का ते पाहायचं, धानाला पाणी सोडायच्या दिवसांत कोणी चोरून पाट फोडला तर भांडण सोडवायचं, एवढंच त्यांचं काम. निवृत्त झाले तरी फेरी सुटली नाही. नवा चौकीदार घरी झोपलेला असायचा आणि बाबा काठी घेऊन पाळीवर.

मी एकुलती एक. नागपूरला नर्सिंग शिकले, त्याच काळात आई गेली. सत्तरीचं दशक संपता संपता इंग्लंडमधल्या एका गावात दवाखान्यात नोकरी मिळाली आणि मी निघून गेले. लग्न केलं नाही. बाबा गावात एकटे राहिले.

एकटे म्हणजे, कुत्रा होता. पाळीच्या पलीकडं मासे धरणाऱ्या ढिवरांची वस्ती होती, तिथलं एक तांबूस पिल्लू एक दिवस बाबांच्या मागं फेरीला आलं आणि परत गेलंच नाही. बाबांनी त्याला नाव असं ठेवलं नाही. "चाल गड्या," म्हणायचे, तेच नाव झालं. कान उभे, शेपटीला एक वळसा, अंगानं सडसडीत. बाबांवर जीव आणि बाकी जगावर संशय.

एका पावसाळ्यात बाबांना हिवतापानं धरलं. शेजारी दूध घेऊन आले तर गड्या उंबऱ्यावर दात काढून उभा. कंपाउंडर सुई घेऊन आला, त्यालाही आत येऊ देईना. शेवटी दिघोरीहून माझ्या आत्याला बोलावून आणलं. आत्या बाबांची मोठी बहीण. आजी लवकर गेल्यामुळे तिनंच बाबांना वाढवलं होतं. तिला मूलबाळ नव्हतं, नवराही राहिला नव्हता. ती दारात येऊन एवढंच म्हणाली, "सरक रे मुडद्या," आणि गड्या मुकाट बाजूला झाला. ही हकीगत बाबांनी मला पत्रात गमतीनं लिहिली. मी ती दवाखान्यात जेवणाच्या सुट्टीत वाचली आणि डबा तसाच बंद केला.

पुढच्या सुट्टीत गावी आले ती ठरवूनच.

"बाबा, तुमी माह्यासंग चला आता."

"येतो ना. कायले नाई?" बाबा म्हणाले. मग अंगणात लोळणाऱ्या कुत्र्याकडं बघून, "अन् हा?"

"त्याले आत्या ठेवन."

"ठेवून पाह्यलं माय. मागं मी एका लग्नाले गेलतो तं हा पाळीवर जाऊन बसला. खाल्लं नाई का पेलं नाई. आलो तं नुसती हड्डी झालती त्याची." मग म्हणाले, "हा येत असन तं मी येतो. नाई तं राहू दे."

मला हसू आलं. बाबा हसले नाहीत.

परत गेल्यावर मी चौकशी केली. कुत्रा नेता येत होता, पण त्या देशात पिसाळण्याचा रोग नाही, तो बाहेरून येऊ नये म्हणून आलेल्या प्रत्येक कुत्र्याला सहा महिने वेगळं कोंडून ठेवायचा कायदा होता. घरी आणायचंच नाही. मालकानं ठरलेल्या वेळी जाऊन भेटायचं. हे सगळं मी बाबांना उघड लिहिलं. त्यांचं उत्तर आलं: हिवाळाभराचाच सवाल आहे, काढू. माणसं तर वर्षानुवर्षं तुरुंगात काढतात आणि बाहेर येतात.

म्हणून दोघांना न्यायला मी लांब रजा काढून आले. रोवणी आटोपली होती, बांध्यांमधून धान हिरवंगार उभं होतं. ते आठवडे मला अजून दिसतात. मी, बाबा आणि गड्या एका घरात इतके दिवस राहिलो ते तेव्हाच.

पहिलं काम पेटीचं. विमान कंपनीनं कळवलं होतं की कुत्र्याला आत नीट उभं राहता, वळता आणि पसरता आलं पाहिजे, चारी बाजूंनी हवा पाहिजे आणि पंजा किंवा नाक बाहेर निघता कामा नये. गावचा सुतार माप घ्यायला दोरी घेऊन आला, तर गड्या त्याच्यावरच धावला. मग बाबांनी माप घेतलं आणि सुतारानं लांबून दोरीला गाठी मारल्या. त्यानं हौसेनं सागवानाची पेटी केली, कोपऱ्यांवर वेलबुट्टीसुद्धा काढली. ती उचलायला चार माणसं लागली. एवढं ओझं विमानवाले घेणार नाहीत, हे त्याला मलाच सांगावं लागलं. दुसरी पेटी त्यानं प्लायवूडची केली, बाजूंना बारीक जाळी ठोकली आणि दाराला आतून पाण्याचं भांडं अडकवलं. सागवानाच्या पेटीत सुतारणीनं कोंबड्या ठेवल्या.

मग सवय लावणं. पेटी अंगणात दार उघडं ठेवून मांडली. बाबा रोज तिच्यात भात आणि भाजलेली सुकट ठेवायचे, आधी दाराशी, मग थोडं आत, मग पार मागच्या भिंतीला. पहिल्यांदा गड्या मागचे पाय बाहेर ठेवून मान लांब करून खायचा. हळूहळू आत बसायला लागला. दुपारचा तिथंच झोपायचा. मग बाबा दार लोटून शेजारी बसत, काहीबाही बोलत राहत, आणि उघडत. रोज जरा जास्त वेळ.

"आता हालली पायजे पेटी," एक दिवस ते म्हणाले. त्यांनी शेजाऱ्याची बैलबंडी मागून आणली, पेटी वर चढवली आणि तलावाच्या वाटेनं खडखडत फिरवून आणली. सारं गाव बाहेर आलं. विहिरीवरच्या बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या. "मानसायले विमान भेटत नाई अन् कुत्र्याची वरात पाहा!"

आवाजाची सवय व्हावी म्हणून आम्ही पेटी सायकलवर बांधून लाखनीला गेलो. हायवेच्या कडेला एका चहाच्या दुकानापुढं पेटी ठेवून बाबा बाकावर बसले. नागपूर आणि रायपूरकडचे ट्रक भोंगे वाजवत जात होते. प्रत्येक ट्रकला गड्या अंग आखडून घ्यायचा आणि जाळीतून बाबांकडं पाहायचा. बाबा चहा फुंकत म्हणायचे, "काई नाई रे, काई नाई."

एक सरदारजी ड्रायव्हर वाकून पेटीत बघत म्हणाला, "चाचा, बेचने निकले क्या?"

"नहीं भाऊ. विलायत ले जा रहा हूँ."

तो मोठ्यानं हसला. बाबा हसले नाहीत, तसा तोही थांबला. "सच्ची?" म्हणाला. मग गाडीतून पारले बिस्किटांचा पुडा आणून त्यानं जाळीशी धरला. गड्यानं घेतला नाही. पण दात दाखवले नाहीत, हे पाहून बाबांना फार आनंद झाला. परत येताना सायकल ढकलत म्हणाले, "सुधरून राह्यला, नाई का?"

पिसाळण्याची लस आणि तब्येतीचा दाखला भंडाऱ्याला गुरांच्या दवाखान्यात घेतला. डॉक्टर म्हणाले, "मी म्हशी पाहिल्या, बैल पाहिले, एकदा सर्कशीतला घोडाही पाहिला. विमानाचं कुत्रं पहिल्यांदाच." पण त्यांनी मन लावून तपासलं. निघायच्या आधी पोटभर खाऊ घालू नका, पाणी मात्र द्या, म्हणाले. झोपेची गोळी देऊ का, असं मी विचारलं तर मान हलवली. "नको. वर श्वास जड झाला तर बघायला कोणी नसेल. घाबरू द्या, पण जागं असू द्या."

बाबांनी ते वाक्य मनात धरून ठेवलं असावं.

निघायच्या दिवशी आत्या दिघोरीहून आली होती. बुद्धाच्या तसबिरीपुढं मेणबत्ती लावून तिनं आम्हा दोघांना वंदन म्हणायला लावलं. मग जीपमध्ये ठेवलेल्या पेटीपाशी जाऊन म्हणाली, "जाय रे मुडद्या. गोऱ्यायले चावजो नोको." आणि पदरानं डोळे पुसले. जीपला वळण येईस्तोवर ती रस्त्यात उभी दिसत होती.

नागपूरहून मुंबईचं विमान छोटं होतं, तो प्रवास सुखाचा झाला. मुंबईहून पुढं मात्र कुत्रा माल म्हणून जाणार होता, कारण इंग्लंडचा नियमच तसा. मालाच्या शेडमध्ये पंखे, यंत्रांच्या पेट्या, आंब्याच्या लोणच्याची खोकी, आणि त्यांच्यामध्ये आमची पेटी. बाबांनी आपला जुना सदरा आत अंथरला होता. पाण्याचं भांडं भरलं. जाळीतून बोटं घातली, ती गड्यानं चाटली.

बाबांनी तिथल्या कारकुनाला विचारलं, "भाऊ, अंदर बत्ती रहती है क्या?"

"अंधेरा रहता है चाचा. सो जाएगा."

बाबा माझ्याकडं वळले. "अंधाराची सवय कुठं लावली आपन?"

हे खरं होतं. आम्ही धक्क्यांचा विचार केला, आवाजाचा केला. अंधाराचा केला नाही. आमच्या अंगणात अंधार म्हणजे तारे, बेडकं आणि बाबांची खाट. तो वेगळा अंधार.

विमानात बाबांनी काहीच खाल्लं नाही. खिडकीतून पाहिलं नाही. चप्पल काढून त्यांनी एक पाय गालिच्यावर दाबून ठेवला होता. "याच्या खालीच असन ना तो?" मी हो म्हटलं. त्यांनी टाचेनं हळूच दोनदा ठोकलं आणि कान देऊन बसले. मग पुन्हा. विमानाच्या घरघरीत काही ऐकू येणं शक्य नव्हतं, हे त्यांनाही कळत होतं.

उतरल्यावर तो दिसेल अशी त्यांची समजूत होती. सहा महिने त्यांनी मान्य केले होते, पण एकदा बघून मग नेतील, असं त्यांच्या मनानं धरलं होतं. पेटी शिक्का मारून थेट गाडीत चढवली गेली. आम्ही दुसऱ्या दारानं बाहेर आलो. बाबा अंगात माझा ओव्हरकोट घालून थंडीत उभे होते आणि जाणारी प्रत्येक बंद गाडी बघत होते.

कोंडवाडा माझ्या गावापासून बसनं तासाभराच्या वाटेवर होता. वाईट जागा नव्हती. सिमेंटच्या स्वच्छ खोल्या, प्रत्येक कुत्र्याला पुढं जाळीचं छोटं अंगण. तिथल्या बाई पन्नाशीच्या, गुलाबी गालांच्या, प्रेमळ. त्यांनी आधीच सांगितलं की प्रवासात त्याला लागलंय. जाळी खरवडून नाकाची कातडी गेली होती. पुढच्या पायाचं एक नख मुळापासून उपटलं होतं, त्यावर पांढरी पट्टी.

बाबा आत गेले. गड्या कोपऱ्यात भिंतीकडं तोंड करून बसला होता. "गड्या," बाबांनी हाक मारली. त्याचा कान फिरला. मान फिरली नाही. बाबा खाली बसले आणि भेटीची वेळ संपेपर्यंत तसेच बसून राहिले. एकदाही त्यानं वळून पाहिलं नाही.

बसमध्ये म्हणाले, "वळकलं त्यानं मले. वळकलं म्हनून तं पाह्यलं नाई."

दोन-तीन भेटींनंतर गड्या पाघळला. बाबांच्या मांडीवर डोकं ठेवायला लागला. बाबांना इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता, पण त्यांनी बसचा नंबर पाठ केला, ड्रायव्हरला मान डोलवायला शिकले आणि एकटे जाऊ लागले. पालथ्या बादलीवर बसून ते गड्याशी गावच्या गोष्टी बोलायचे: आता धान कापणीला आलं असेल, आता कापल्या धानाचे पुंजणे लागले असतील, तलावात बदकं उतरली असतील. कोंडवाड्याच्या बाई चहा आणून द्यायच्या आणि आपल्या भाषेत बोलायच्या. दोघांचं बरं जमायचं.

पण निघायची वेळ आली की गड्या रडायचा. सुरुवातीला थोडं, मग इतकं की बाकीचे कुत्रेही सुरू व्हायचे, आणि बाबा गेल्यावर तो दुसऱ्या दिवसापर्यंत तोंडाला काही लावत नसे. बाईंनी एकदा मला बाजूला घेऊन फार संकोचानं सांगितलं की भेटी जरा कमी केल्या तर त्याला सोपं जाईल. मी ते घरी बाबांना सांगितलं.

"बरं," बाबा म्हणाले.

त्यानंतरही ते ठरल्या दिवशी कोट घालून बाहेर पडत. मला वाटायचं, गावात फिरत असतील, बागेत बसत असतील. पुढं बाईंकडून कळलं. ते बसनं तिथंच जात. आत येत नसत. रस्त्याच्या पलीकडं, वारा कुत्र्यांकडून आपल्याकडं येईल अशा बाजूला, कुंपणाआड उभे राहत. म्हणजे गड्याला त्यांचा वास लागत नसे. बाईंनी एकदा पावसात त्यांना आत यायची खूण केली, तर त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. थोडा वेळ उभे राहून ते परतीची बस धरायचे.

हिवाळा सरत आला. मी घराच्या मागच्या दाराशी गड्यासाठी जाड पोतं अंथरून ठेवलं. कुंपण दुरुस्त करून घेतलं. बाबा पहिल्यांदाच जरा मोकळे झाल्यासारखे वाटत होते. तेव्हा दिघोरीहून तार आली. आत्या पडली होती. खुब्याचं हाड मोडलं होतं. उठता येत नव्हतं, आणि घरी करायला कोणी नव्हतं.

बाबांनी तार दोनदा वाचून घेतली. "मी जातो."

"बाबा, थोडेच दिवस राहिले आता. गड्याले घेऊ, मंग पाहू."

"अक्का हगनं-मुतनं कोनाच्या हातचं करन, माय? तिनं माह्यं केलं हाय."

मी नर्स, खुब्याचं हाड त्या वयात मोडलं म्हणजे काय, हे मला पक्कं ठाऊक होतं. ते काही आठवड्यांचं काम नव्हतं.

"मंग तो सुटला का मी त्याले धाडून देईन तुमच्याकडं," मी म्हटलं.

"नाई." इतक्या जोरात बाबा माझ्याशी कधी बोलले नव्हते. मग आवाज खाली आला. "पुन्हा पेटीत नको टाकू त्याले. एकदा झालं तेवढं लय झालं. तुह्याजवळच ठेव."

जायच्या आदल्या दिवशी ते आत गेले. या वेळी मी बरोबर होते. गड्या वेड्यासारखा त्यांच्या अंगावर उड्या मारत होता. बाबांनी त्याचे पंजे हातात घेतले, नखं पाहिली, कान उलटे करून पाहिले, जसे ते गावी गोचिडं बघत. उपटलेल्या नखाच्या जागी नवं आलं होतं, काळं आणि जरा वाकडं. निघताना गड्या रडायला लागला तेव्हा बाबा थांबले नाहीत. बसस्टॉपपर्यंत तो आवाज येत होता.

गड्या सुटला तेव्हा बाबा दिघोरीत आत्याला कुशीवर वळवत होते. मी एकटीच त्याला आणायला गेले. तो गाडीत बसला, घरी आला, सगळ्या खोल्या हुंगून आला आणि बाबांच्या खाटेखाली जाऊन पडला. कितीतरी दिवस माझ्या हातून तो फक्त खायचा, जवळ येत नसे. रस्त्यानं नेलं की ओव्हरकोट घातलेल्या प्रत्येक म्हाताऱ्यामागं दोरी ताणून जायचा. जवळ जाऊन हुंगायचा आणि थांबायचा. ते म्हातारे त्याला थोपटायचे, छान कुत्रं आहे म्हणायचे. मी हसून मान डोलवायची.

पुढं तो माझा झाला. पूर्ण नाही, पण झाला. मी रात्रपाळीहून आले की दाराशी उभा असायचा. जाड झाला. बर्फात खेळायलाही शिकला.

दोन वर्षांनी मी दिघोरीला गेले. आत्या खाटेवरच होती, पण जिवंत आणि स्वच्छ. पडून राहून होते तशी एकही जखम तिच्या पाठीवर नव्हती. दवाखान्यात आम्हालाही तसं राखणं कठीण जातं. बाबा वाळले होते. मी गड्याचा बर्फातला फोटो दिला. त्यांनी तो उजेडात धरला, लांब नेला, जवळ आणला.

"बाप्पा, गोऱ्यासारका फुगला." हसले. मग म्हणाले, "चुकलं आपलं. त्याले इथंच ठेवाले पायजे होतं."

"तुमीच तं म्हणत होते, तो मरन."

"म्हनत होतो. दोन-चार दिवस बसला असता पाळीवर. मंग भुकेनं उठला असता. ढिवराच्या पोरायनं टाकलं असतं काही." फोटो त्यांनी गुडघ्यावर ठेवला. "मी नसतो, पन तलाव तं त्याचाच होता. अन् मी सहा महिन्यांच्या आतच वापस आलो, तं भेटलाच असता ना तो मले."

आत्यानं आतून हाक मारली, तसे ते उठले.

गड्या त्यानंतर काही वर्षं जगला. गेला तो म्हातारपणानं, माझ्या घरात, एका थंड सकाळी. मी बाबांना लिहिलं. त्यांच्या उत्तरात आत्याची तब्येत होती, धानावर पडलेला रोग होता, माझ्या तब्येतीची चौकशी होती. गड्याविषयी एक ओळ होती: त्याले कुठं पुरलं, तिथं झाड हाय का? मी कळवलं, सफरचंदाचं आहे. ते झाड कसं असतं, हे बाबांना माहीत नव्हतं. त्यांनी पुढच्या पत्रात विचारलं, त्याची सावली पडते का चांगली.

उन्हाळ्यात थोडी पडते, असं मी लिहिलं. तिथं सावलीची गरज फारशी पडत नाही, हे काही लिहिलं नाही.